गाद्या काढायच्या राहिल्या

नवरा आणि भाऊ यांच्या मधोमध देवानं मलाच कशाला उभं केलं, हे मी आमच्या चर्चच्या धर्मगुरू, म्हणजे व्हिकर, हिलरीबाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "विनी, प्रार्थना कर." प्रार्थना कर! पाच गावांची पाच चर्चं एकटीनं सांभाळणाऱ्या बाईला दुसरं सुचणार तरी काय म्हणा. पण प्रार्थनेनं माझा नवरा रेज आणि माझा थोरला भाऊ अँब्रोज एकमेकांशी बोलायला लागले असते, तर मी गुडघे फुटेस्तोवर केली असती.

तीन वर्षं! लिटल हॅस्कमसारख्या गावात, जिथे एका घरात शिंक आली की शेजारच्या घरातून 'देव भलं करो' ऐकू येतं, तिथे हे दोघे तीन वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. आमचं घर चर्चच्या खालच्या अंगाला, अँब्रोजचं वरच्या अंगाला. मधे एक गल्ली, आणि त्या गल्लीतून निरोपांची ने-आण करणारी मी.

कारण काय, तर घंटा. आमच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. सहा माणसं गोलात उभी राहून दोर ओढतात, ठरलेल्या क्रमानं, आणि एकाचा हात जरा मागेपुढे झाला तरी ते अख्ख्या गावाला ऐकू येतं. अँब्रोज त्या सहांचा म्होरक्या. माझ्या लग्नातसुद्धा मला चर्चच्या आत पोचवून तो वर पळाला होता, दोर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही म्हणून. रेजला घंटा वाजवायला त्यानंच शिकवलं. मला लग्नाची मागणी घालायच्या आधी रेज दोन वर्षं नुसता दोरच ओढत होता, त्यामुळे तो नेमका कुणासाठी येतो याची आईला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

उन्हाळ्यात आजूबाजूच्या चर्चांची घंटांची स्पर्धा असते. तीन वर्षांपूर्वी ती आमच्याच मनोऱ्यात होती. परीक्षक बाहेर कबरींच्या मधे खुर्च्या टाकून कान देऊन बसलेले. अर्ध्यावर अँब्रोजच्या हातातून दोर निसटला. वय झालं होतं, हात थरथरत होते, हे सगळ्यांना दिसत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. तो दोर पुन्हा पकडणार तेवढ्यात रेज ओरडला, "थांबा!"

आता, चालू घंटा थांबवायचा हुकूम म्होरक्यानंच द्यायचा. दुसऱ्या कुणी नाही. सहाही घंटा गप्प झाल्या. बाहेर परीक्षकांनी पेन्सिली खाली ठेवल्या. अँब्रोजनं खुंटीवरचा कोट घेतला, जिना उतरला, आणि पुन्हा कधी त्या मनोऱ्यात पाऊल टाकलं नाही. म्होरकेपण आपोआप रेजच्या गळ्यात पडलं.

रेज म्हणतो, सुटलेला दोर कुणाच्या तरी मानेत अडकला असता. खरं आहे. अँब्रोज म्हणतो, माझ्या मनोऱ्यात मला थांबवणारा हा कोण? तेही खरंच आहे. दोघांचं खरं, आणि पायपीट माझी.

या उन्हाळ्यात अँब्रोजनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन हळूच सांगितलं, यंदाची सफरचंदं काही ते बघतील असं वाटत नाही. त्यानं पलंग खिडकीशी ओढायला लावला. का, तर मनोरा नीट ऐकू यावा म्हणून. मी रोज दुपारी सूप घेऊन जायची आणि सुपाच्या आधी मला ऐकावं लागायचं, "रविवारी चौथ्या घंटेवर कोण होतं? झोपेत ओढत होतं का?"

"ड्युलसी होती. शाळेतली ड्युलसी फर्न. आणि सूप गार होतंय."

"दोर वर जाऊ दे म्हणावं जरा. घाई कसली आहे तिला?"

घरी आले की रेज वर्तमानपत्राच्या मागे. "काही म्हणाला?"

"कोण?"

"कुणी नाही." मग पान उलटल्याचा आवाज. मग, "चौथीबद्दल काही म्हणाला का?"

डोकं फिरायची वेळ यायची! मी म्हणायची, "रेज, पायात बूट घाल, गल्ली चढ आणि स्वतः विचार." त्यावर ठरलेलं उत्तर, "त्यानं बोलावलं तर जाईन." दुसऱ्या दिवशी अँब्रोजला म्हणायची, "बोलाव ना त्याला." तर हा खिडकीकडे तोंड करून, "यायचं असेल तर येईल. दाराला काय कुलूप घातलंय मी?"

मला एवढंच हवं होतं, अँब्रोज जायच्या आधी रेजनं त्या दारातून आत यावं. माफीबिफी काही नको. नुसतं यावं, खुर्चीत बसावं. कारण भाऊ गेल्यावर उरलेलं आयुष्य मला रेजबरोबरच काढायचं होतं, आणि त्यांच्यात न बोललं गेलेलं सगळं माझ्याच स्वयंपाकघरात येऊन ठाण मांडून बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

चर्चच्या उन्हाळी जत्रेच्या आठवड्यात, गुरुवारी, आमच्या म्हाताऱ्या मिसेस पॅजेट यांना माती दिली. चर्चमधली फुलं जन्मभर त्यांनीच मांडली, त्यामुळे त्यांच्यासाठी घंटांना गाद्या बांधल्या होत्या. गाद्या म्हणजे चामड्याच्या. लोलकाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं आवळून बांधायच्या. मग एक ठोका नेहमीसारखा मोकळा पडतो आणि पुढचा उशीखालून आल्यासारखा दबका. कुणी गेलं की आमच्याकडे अशाच वाजतात. आणि माती देऊन झाली की वर चढून त्या काढायच्या असतात. हे काम म्होरक्याचं.

"काढल्यास का गाद्या?" गुरुवारी रात्री जेवताना मी विचारलं.

"उद्या काढतो. गुडघा ठणकतोय."

शुक्रवारी जत्रेचा तंबू ठोकायचा होता. हिलरीबाईंनी मधमाश्यांसाठी म्हणून चर्चच्या आवारातलं अर्धं गवत कापायचंच बंद केलंय, ते आता कमरेएवढं झालंय. तंबू कुठे उभा करायचा यावरून दिवसभर वादावादी. रेज म्हणे गवत कापा, बाई म्हणे मधमाश्या, आणि तंबू घेऊन आलेली माणसं म्हणे आम्हाला संध्याकाळी अजून एका लग्नाला जायचंय. शेवटी तंबू तिरका उभा राहिला, एक खांब कबरीला टेकलेला. रेज घरी येऊन खुर्चीत पडला तो घोरायलाच लागला. गाद्यांचं मी विसरले आणि तो तर विसरलाच.

शनिवारी ऊन असं पडलं होतं की लोणी आपोआप पसरत होतं. मी चहाच्या तंबूत. समोर गोडसर स्कोन-पावांचे ढीग, जॅमवर गांधीलमाश्या, बाजूला म्युरिएल स्टॅथम काकडीची सँडविचं कापत होती आणि यंदा बँडवाल्यांनी कोट का घातले नाहीत याबद्दल बडबडत होती. दुपारी अँब्रोजला सूप देऊन आले होते. त्यानं अर्धं सोडलं होतं. बोललाही नव्हता फारसं, नुसतं "दोनला वाजवणार ना?" एवढंच. दोनला घंटा वाजल्या की आमची जत्रा सुरू होते. रेज वर नव्हता. त्याला यंदा भाज्यांचा परीक्षक केलं होतं, म्हणून तो एवढ्या उन्हात लोकरी कोट घालून, छातीला फीत लावून भोपळ्यांना टिचक्या मारत हिंडत होता. मनोऱ्यात ड्युलसीच्या हाताखाली बाकीचे होते.

दोन वाजले. पहिला ठोका मोकळा पडला.

दुसरा दबका.

माझ्या हातातली सुरी जॅममध्ये तशीच राहिली. मैदानावरचे आवाज एकेक करून बंद झाले. बँड थांबला. नारळ पाडायच्या खेळापाशी कुणीतरी चेंडू खाली ठेवला. पुरुषांनी डोक्यावरच्या हॅट काढल्या. मिसेस पॅजेट तर गुरुवारीच मातीआड गेल्या होत्या. आता या कुणासाठी? आणि मग सगळ्या माना वळल्या, आधी वर अँब्रोजच्या खिडकीकडे, आणि मग माझ्याकडे.

म्युरिएलनं माझा हात धरला. "विनी... अगं, तू इथे कशी? जा ना घरी!"

हिलरीबाई त्याच क्षणी दुसऱ्या गावच्या जत्रेतून गाडी हाकत पोचल्या होत्या. त्यांनी म्युरिएलकडे पाहिलं. म्युरिएलनं नुसते डोळे अँब्रोजच्या घराकडे वळवले. बस्स. तेवढ्यावर बाईंनी माईक हातात घेतला. "आपला लाडका अँब्रोज आज आपल्यातून गेला. विनी आणि रेजच्या दुःखात सहभागी होऊन आपण सगळे एक मिनिट शांत उभे राहू या."

व्हिकरच्या तोंडून ऐकल्यावर मला तरी शंका कशी यावी? मला वाटलं, अँब्रोजकडे येणाऱ्या नर्सनं त्यांना फोन केला असणार. माझा भाऊ गेला, आणि मी इथे स्कोनला जॅम लावतेय. अर्धं सूप टाकलं होतं त्यानं आणि मी त्यावरून त्याला बोलले होते.

पण अख्खं मैदान पुतळ्यासारखं उभं असताना एक माणूस हलला. रेज. हातातला भोपळा त्यानं खाली सोडला, तो फुटला, आणि रेज गल्लीकडे निघाला. काठी भाज्यांच्या टेबलापाशीच राहिली. गुडघा ठणकतो म्हणून दोन दिवस जिना न चढलेला माणूस चक्क पळत होता. त्या कमरेएवढ्या गवतातून, मधमाश्या उडवत.

मी एप्रन सावरत मागे धावले. गल्लीच्या वळणावर त्याला गाठलं. तो भिंतीला हात टेकून धापा टाकत होता आणि रडत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, त्याच्या आईच्या वेळीही नाही.

"मी यायला हवं होतं, विनी. रोज ठरवत होतो. रोज!"

"मग आलास का नाहीस?" मी तिथेच किंचाळले. भाऊ गेल्याचं दुःख बाजूला राहिलं, असा संताप आला. "दोन मिनिटांची वाट आहे ही! लंगडत आला असतास तरी पोचला असतास! आता पळतोयस? आता कुणासाठी पळतोयस?"

त्यानं भिंत सोडली आणि पुन्हा चालायला लागला. मनोऱ्यात घंटा चालूच होत्या, एक मोकळी, एक दबकी.

अँब्रोजचं दार पावसाळी हवेनं फुगलेलं आहे, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. रेजनं खांदा लावला. दार धाडकन उघडलं आणि रेज अक्षरशः आत पडला.

अँब्रोज पलंगावर कोपरावर टेकून उठून बसला होता. तोंड लालबुंद. आठवड्याभरात एवढा रंग मी त्याच्या तोंडावर पाहिला नव्हता.

"कोण गाढव गाद्या काढायला विसरला?" तो गरजला.

मी दाराची चौकट धरली. हसावं की रडावं की तिथल्या तिथे दोघांना बदडून काढावं, काही कळेना.

रेज जमिनीवरून उठला. छातीवर परीक्षकाची फीत, कोटाला भोपळ्याच्या बिया, गालांवर पाणी. म्हणाला, "मी."

"रडतोयस कशाला?"

"तू गेलास असं वाटलं."

"आणि ही अशी वाजवणार होतात माझ्यासाठी? ती तिसरी ऐकलीस? सगळ्यांच्या मागून पाय ओढत येतेय. माझ्या मातीला असंच वाजवणार असाल तर मी मरतच नाही, सांगून ठेवतो."

"तिसरीचा दोर नवा आहे," रेज नाक पुसत म्हणाला. "ताणतो."

"मग ओला करून वाळवायचा ना! काय शिकवलं होतं तुला?"

रेज खुर्ची ओढून बसला. हो, तीच खुर्ची. आणि दोघे दोरावर बोलायला लागले. मग पट्ट्यांवर. मग चामड्याला कुठलं तेल लावायचं यावर. तीन वर्षं मी ज्या क्षणासाठी जिवाचं रान केलं, तो आला आणि त्यात तेलाची चर्चा चालली होती! मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"त्या दिवसाचं काय ते बोला आधी," मी म्हटलं. "मी ऐकल्याशिवाय हलणार नाही इथून."

अँब्रोज चादरीची किनार चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, "थांबवलंस ते बरोबर केलंस. दोर मला दिसतच नव्हता."

"पण सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं मी."

"नको होतं."

"एवढंच?" मी म्हटलं. "हे एवढंच होतं? हे तुम्हाला त्याच संध्याकाळी बोलता आलं नसतं? माझे पाय झिजवलेत मेल्यांनो, या गल्लीत!"

"त्यानं यायला हवं होतं," अँब्रोज म्हणाला.

"त्यानं बोलवायला हवं होतं," रेज म्हणाला.

मी एप्रनला हात पुसले आणि निघाले. तिथे अजून थांबले असते तर खरंच माती द्यायची वेळ आली असती, दोघांनाही.

खाली मैदानात लोक घोळक्या-घोळक्यानं उभे होते. मी पोचताच म्युरिएल पुढे आली, डोळे सुजलेले, हातात तिचा लिंबाचा केक. तिनं जत्रेत विकायचा केक घाईघाईनं दुखवट्याच्या डब्यात भरला होता.

"तो जिवंत आहे," मी म्हटलं. "गाद्या काढायच्या राहिल्या होत्या, बाकी काही नाही."

तिच्या तोंडावर आधी आनंद आला, खोटं कशाला बोलू. पण पाठोपाठ फसवलं गेल्याचा भावही आला. "अगं, मी केवढी रडले!" म्हणाली, आणि केक परत टेबलावर नेऊन ठेवला. हिलरीबाई माईक धरून तीनदा माफी मागत होत्या, आणि प्रत्येक वेळी अँब्रोजचं नाव ऐकून मागे उभ्या असलेल्या अर्धवट बहिऱ्या मंडळींना वाटत होतं की दुःखाचं भाषण चालू आहे, म्हणून ते पुन्हा पुन्हा हॅट काढत होते.

ड्युलसी जिन्यावरून उतरली तशी मी तिला गाठली. "दुसऱ्या ठोक्यालाच कळलं असेल ना तुम्हाला, गाद्या आहेत ते?"

"कळलं ना. आम्हाला वाटलं, रेजनं मुद्दाम ठेवल्यात. म्हणजे अँब्रोज गेलाच असणार. म्हणून मग मन लावून वाजवलं."

"एकानं खाली येऊन विचारायचं तरी!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अशा वेळी कसं विचारणार, विनी? बरं दिसतं का ते?"

घ्या! बरं दिसत नाही. ड्युलसीला रेजला विचारणं बरं दिसलं नाही, हिलरीबाईंना मला विचारणं बरं दिसलं नाही, आणि मला हिलरीबाईंना. न विचारता माणूस मारून टाकला आम्ही सगळ्यांनी मिळून, आणि कुणाशी वाईट वागलो म्हणून नव्हे, चांगलं वागायचं म्हणून!

त्यानंतर रेज रोज संध्याकाळी वर जायला लागला. आता माझी वेगळीच फरफट सुरू झाली. जेवण गार व्हायचं आणि हा तिकडे बसलेला. अँब्रोजनं त्याला सगळ्या गाद्या पलंगावर आणायला लावल्या, जुने पट्टे सोडवले, दाभणानं नवे शिवायला सुरुवात केली. त्याचा हात थरथरायचा तेव्हा टाका रेज घालायचा आणि शिव्या अँब्रोज. चादरीला तेलाचे डाग पडले ते मी कितीदा धुतले तरी निघेनात. मी बोलले तर दोघे एका सुरात, "असू दे गं, विनी." एका सुरात! माझ्या विरुद्ध मात्र लगेच एक झाले.

डॉक्टर चुकले. सफरचंदं बघितली त्यानं. पहिलं पिकलेलं रेज खिशात घालून घेऊन गेला. अँब्रोजनं एक घास घेतला आणि आंबट आहे म्हणून ते रेजला दिलं.

सुगीच्या प्रार्थनेच्या आठवड्यात, चर्चच्या खिडक्यांत भोपळे आणि पाव मांडलेले असताना, एका सकाळी तो झोपेतच गेला. मी आणि रेज दोघेही तिथेच होतो. रेजनं त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि उठला. मी म्हटलं, आधी सगळ्यांना फोन करू या. तो म्हणाला, "आधी घंटा." ड्युलसीला आणि बाकीच्या चौघांना तेवढं सांगितलं आणि गाद्यांची पिशवी खांद्याला अडकवून तो मनोऱ्याची शिडी चढला, एकेक पायरी, दुखऱ्या गुडघ्यानं. दुसऱ्या कुणाला चढू दिलं नाही.

मी घरी आले. काय करावं कळेना म्हणून दोरीवरचे कपडे काढायला मागच्या अंगणात गेले. ऊन छान पडलं होतं. घंटा सुरू झाल्या. एक मोकळा, एक दबका. सहाही एका रेषेत, तिसरीसुद्धा वेळेवर.

गावात कुणी हॅट काढली नाही. रस्त्यावरून ट्रॅक्टर तसाच गेला. दुकानाच्या दारातल्या दोघी मनोऱ्याकडे बघून हसल्या. आणि कुंपणावरून म्युरिएलचं डोकं वर आलं, हसून हसून लाल झालेलं.

"विनी! अगं, तुझा नवरा पुन्हा विसरला बघ गाद्या काढायला!"

माझ्या हातात अँब्रोजची तेलाचे डाग पडलेली चादर होती. मी ती नीट घडी केली.

"नाही गं, म्युरिएल," मी म्हटलं. "या वेळी आठवणीनं बांधल्यात त्यानं."